मोबाइल ॲपची बॅकग्राउंडची कामं : फोन खिशात गेला की सिंक का थांबतं?

संगमनेरी:

नमस्कार मंडळी,

आमची लहान टीम दूध संकलन केंद्रांसाठी एक अँड्रॉइड ॲप सांभाळते. सकाळ-संध्याकाळ शेतकरी किटल्या घेऊन येतात, केंद्रचालक लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) ॲपमध्ये घेतो आणि पावती देतो. ती नोंद पुढे दूध संघाच्या सर्व्हरवर जायला हवी. बरीच केंद्रं डोंगराच्या कडेला आहेत, रेंज येते-जाते. म्हणून नोंद आधी फोनमधल्या डेटाबेसमध्ये बसते आणि नंतर वर जाते.

गाडी अडते ती इथेच. ॲपमधली एक सर्व्हिस (पडद्याशिवाय चालणारा भाग) दर ५ मिनिटांनी उरलेल्या नोंदी पाठवते, म्हणजे सिंक करते. ॲप समोर असेपर्यंत काही तक्रार नाही. संकलन आटोपून चालक फोन खिशात टाकून शेतावर गेला, की पुढचं काही खरं नाही. काही फोनवर सगळं लगेच वर जातं, काहींवर संध्याकाळी ॲप उघडेपर्यंत सकाळच्या नोंदी तशाच पडून. मग शेतकरी संघात फोन करतो, "सकाळचं दूध माझ्या खात्यावर दिसत नाही," आणि संघ आम्हाला.

टीममध्ये दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, फोरग्राउंड सर्व्हिस (नोटिफिकेशन दाखवून मागेही चालू राहणारी) लावा, वर कायमचं नोटिफिकेशन ठेवा. दुसऱ्याचं म्हणणं, वर्कमॅनेजरवर (कामं रांगेत ठेवून सोयीनं करणारी अँड्रॉइडची लायब्ररी) सोपवा आणि थोडा उशीर मान्य करा. संघाला मात्र सगळं 'रिअल टाइम' हवंय. तुम्ही प्रत्यक्ष कामात काय वापरता? सविस्तर लिहिलंत तर फार उपयोग होईल.

टेकडीवरचा:

५ मिनिटांच्या सर्व्हिसवर आता विसंबता येत नाही. २०१५ साली अँड्रॉइड ६ मध्ये डोझ ही बॅटरी वाचवायची व्यवस्था आली. फोन चार्जिंगला नाही, स्क्रीन बंद आहे आणि फोन हलतही नाही, असं काही वेळ राहिलं की सिस्टिम ॲपचं नेटवर्क तोडते, जॉब (मागे करायची ठरलेली कामं) पुढे ढकलते, साधे अलार्मही पुढे ढकलते. अधूनमधून थोडा वेळ मोकळीक मिळते, तेवढ्यात सगळ्यांनी आपापली कामं उरकायची. फोन जितका जास्त पडून राहील तितकं दोन मोकळिकींमधलं अंतर वाढत जातं. अँड्रॉइड ७ पासून याचा सौम्य अवतार खिशातल्या हलत्या फोनलाही लागतो. २०१७ च्या अँड्रॉइड ८ नं तर मागे गेलेल्या ॲपची सर्व्हिस काही मिनिटांत बंद करायला सुरुवात केली. तुमचा चालक शेतावर जातो तेव्हा हेच घडतंय.

म्हणून माझं मत वर्कमॅनेजरच्या बाजूनं. नोंद झाली की एक काम रांगेत टाका, अट एकच, नेटवर्क हवं. ते काम वर्कमॅनेजर स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवतो, त्यामुळे ॲप मेलं, फोन बंद-चालू झाला तरी हरवत नाही. 'दर इतक्या मिनिटांनी' हा विचारच सोडा. पिरियॉडिक (ठरावीक अंतरानं पुन्हा होणाऱ्या) कामाला १५ मिनिटांपेक्षा कमी अंतर चालत नाही, आणि ते १५ सुद्धा किमान असतं, घड्याळ लावून येणारं नसतं.

निशिगंधा:

वाचतेय. विषय जिव्हाळ्याचा, रात्री सविस्तर लिहिते.

सह्यभटक्या:

टेकडीवरचा यांच्याशी थोडा असहमत. फोरग्राउंड सर्व्हिसला उगाच बदनाम करू नका. मी ट्रेकचा मार्ग नोंदवणारं ॲप लिहितो. हरिश्चंद्रगडावर खिरेश्वरकडून चढायला लागलं की रेंज जाते, पण जीपीएसला रेंज लागतच नाही. ॲप खिशात, स्क्रीन बंद, आणि तासन्‌तास दर काही सेकंदांनी ठिकाण नोंदवायचं. हे काम वर्कमॅनेजरचं नव्हेच. अँड्रॉइड ८ पासून मागे गेलेल्या ॲपला ठिकाण तासातून मोजक्याच वेळा मिळतं. फोरग्राउंड सर्व्हिस लावली की अखंड रेघ मिळते.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. सर्व्हिस ॲप समोर असताना सुरू केली आणि तिचा प्रकार 'लोकेशन' दिला, तर 'ॲप वापरताना' एवढीच परवानगी पुरते. 'कायम परवानगी द्या' हा भीतिदायक प्रश्न विचारावाच लागत नाही. ट्रेकर सुरुवातीचं बटण स्वतः दाबतो, नोटिफिकेशन डोळ्यासमोर असतं, थांबवायचं बटणही त्यातच. यात कुणाची फसवणूक नाही.

टेकडीवरचा:

@सह्यभटक्या, तुमच्या कामाला ती बरोबरच आहे. माणसानं स्वतः सुरू केलेलं, चालू असल्याचं दिसणारं आणि कधीतरी संपणारं काम. संगमनेरी यांच्या टीममधला पहिला तट म्हणतोय ते 'कायम चालू ठेवा'. ते आता बसत नाही.

ॲपनं अँड्रॉइड १४ ला लक्ष्य केलं (म्हणजे त्या आवृत्तीसाठी बांधलं) की प्रत्येक फोरग्राउंड सर्व्हिसचा प्रकार जाहीर करावा लागतो, आणि का लागते ते प्ले कन्सोलमध्येही (प्ले स्टोअरच्या डेव्हलपरांसाठीच्या पानावर) सांगावं लागतं. सिंकसाठी 'डेटासिंक' हा प्रकार. अँड्रॉइड १५ ला लक्ष्य केलं की डेटासिंक प्रकारच्या सर्व्हिसला २४ तासांत मिळून ६ तास. मुदत संपली की ऑनटाइमआउट ही सूचना येते आणि काही सेकंदांत सर्व्हिस स्वतः थांबली नाही तर ॲप क्रॅश होतं. वापरकर्त्यानं ॲप पुढे आणलं की ही मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शिवाय अँड्रॉइड १२ पासून, मोजके अपवाद सोडले तर, मागे असलेल्या ॲपला अशी सर्व्हिस सुरूच करता येत नाही. दिवसभर एक नोटिफिकेशन लटकवून निश्चिंत होण्याचा काळ गेला.

रातकिडा:

मग व्हॉट्सॲप कसं जिवंत राहतं? त्याला कुणी मारत नाही, आपल्यालाच मारतात. 😀

वाफसा:

@रातकिडा, दोन कारणं. पहिलं म्हणजे अशी ॲप कायम जागी नसतातच. सर्व्हर पुश (आपणहून फोनकडे निरोप) पाठवतो, गुगलची एफसीएम सेवा एकाच जोडणीवरून सगळ्या ॲपचे निरोप आणते, आणि अग्रक्रमाचा निरोप आला की डोझमधला फोनही थोडा वेळ त्या ॲपला उठू देतो. दुसरं, काही कंपन्या आपल्या फोनमध्ये लोकप्रिय ॲपना आधीच सूट देऊन ठेवतात. आपल्या ॲपला ती नसते.

हे दुसरं प्रकरण संगमनेरी यांना नक्की भोवत असणार. मूळ अँड्रॉइडचे नियम एक, आणि त्यावर प्रत्येक कंपनीचा वेगळा 'बॅटरी सेव्हर', वेगळी 'ऑटोस्टार्ट'ची यादी. कुठे ॲप वर सारलं की नुसता पडदा बंद होतो, कुठे ते थेट फोर्स स्टॉप होतं. डोन्ट किल माय ॲप नावाचं एक संकेतस्थळ आहे, तिथे कंपनीवार सेटिंग कुठे दडलंय ते दिलंय. 'काही फोनवर जातं, काहींवर नाही' असं ऐकलं की मी आधी केंद्रांच्या फोनची मॉडेलं मागवतो.

आबा:

पोरांनो, मी कोड लिहीत नाही, पण आमच्या गावच्या संस्थेत बरीच वर्षं दूध घातलंय म्हणून धागा उघडला. आमच्याकडचे निम्मे लोक रात्री झोपताना चौकोनी बटण दाबतात आणि सगळी ॲप एक-एक करून वर सारतात. बॅटरी वाचते असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. आमचा चालकही तेच करतो. त्यानं नुकसान होतं का? असेल तर सांगा, मी त्याला सांगतो.

निशिगंधा:

आबा, नमस्कार. तुमचा प्रश्न अगदी मुळावर घाव घालणारा आहे.

बॅटरी वाचत नाही. मागे गेलेली ॲप बहुतेक वेळा नुसती स्मृतीत पडून असतात, बॅटरी खात नाहीत. ती पुन:पुन्हा काढून टाकली तर दर वेळी पहिल्यापासून उघडायला उलट जास्तच खर्च होतो. आता नुकसानीचं. साध्या अँड्रॉइडवर वर सारल्यानं रांगेतली कामं मरत नाहीत, ती नंतर होतात. पण सेटिंगमध्ये जाऊन 'फोर्स स्टॉप' केलं, किंवा वाफसा म्हणतात तसा फोन असला, तर सगळी ठरलेली कामं रद्द. माणूस पुन्हा ॲप उघडेपर्यंत ते काहीच करू शकत नाही. म्हणून चालकाला एवढंच सांगा : संकलन झालं की 'सगळ्या नोंदी पोचल्या' असं ॲपनं दाखवेपर्यंत ते सारू नका.

आणि @संगमनेरी, ॲपनं तसं दाखवायला हवं! बाकी चर्चा चालू द्या, पण हे आधी करा. पडद्याच्या माथ्यावर 'पाठवायच्या बाकी : १४' आणि 'शेवटचं सिंक सकाळी ८.१०' असं ठळक दिसू दे. शेतकऱ्याचा फोन संघात जाण्याआधी चालकालाच कळेल. मी औषधांची आठवण करून देणाऱ्या ॲपवर काम करते. वयस्क माणसं आमच्यावर इन्सुलिनच्या वेळेसाठी विसंबतात. ॲप काय करू शकलं नाही हे त्यांच्यापासून लपवणं मला गुन्ह्यासारखं वाटतं.

तळ्यातमळ्यात:

@निशिगंधा, अवांतर होतंय पण विचारतो. औषधाच्या आठवणीला वर्कमॅनेजर चालतो का? मी आईसाठी छोटं ॲप करायला घेतलंय.

निशिगंधा:

नाही चालत. वर्कमॅनेजर 'झालं पाहिजे' याची हमी देतो, 'अमुक वाजता' याची नाही. सकाळी ८ ची गोळी ९ वाजता आठवून काय उपयोग?

त्यासाठी अलार्ममॅनेजर, ठरल्या वेळी ॲपला उठवणारी अँड्रॉइडची सोय. नेमक्या वेळेच्या अलार्मला अँड्रॉइड १२ पासून वेगळी परवानगी आहे, आणि अँड्रॉइड १४ वर नव्यानं टाकलेल्या बहुतेक ॲपना ती आपोआप मिळत नाही. वापरकर्त्याला सेटिंगमध्ये नेऊन द्यायला लावावी लागते. अलार्म, कॅलेंडर अशा प्रकारच्या ॲपसाठी अँड्रॉइड १३ मध्ये आणखी एक परवानगी आली, ती न विचारता मिळते, पण प्ले स्टोअरचं धोरण ती कुणी वापरावी यावर कडक आहे. त्यातलं सेटअलार्मक्लॉक हे फंक्शन वापरलंत तर वर घड्याळाचं चिन्ह दिसतं आणि फोन वेळेआधी डोझमधून बाहेर येतो. माझ्या मते औषधाला तोच हक्काचा मार्ग.

फोन बंद-चालू झाला की सगळे अलार्म पुसले जातात. बूट झाल्याचा संदेश ऐकून ते पुन्हा लावावे लागतात. रात्री फोन बंद करून झोपणारे ज्येष्ठ नागरिक भरपूर आहेत, त्यामुळे ही गोष्ट सोडून चालत नाही. आणि अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनचीही परवानगी लागते. ती नाकारली असेल तर ॲप उघडल्या उघडल्या मोठ्या अक्षरांत सांगा की आठवण येणार नाही.

तळ्यातमळ्यात:

फार उपयोगी. धन्यवाद ताई. वाचनखूण साठवली.

डब्लिनकर:

इकडे आयर्लंडमध्ये आयफोनवर काम करतो, म्हणून त्या बाजूचं लिहितो. तुमच्या संघातल्या पर्यवेक्षकांकडे आयफोन निघाले की हा प्रश्न येणारच.

आयओएसवर पहिल्यापासून उलटा न्याय आहे. ॲप मागे गेलं की थोड्याच वेळात गोठतं. हातातलं काम पुरं करायला सिस्टिमकडे वेळ मागता येतो, तो साधारण अर्ध्या मिनिटाचा. पुढचं सगळं २०१९ च्या आयओएस १३ मध्ये आलेल्या बीजीटास्कशेड्युलरवर (मागची कामं केव्हा करायची ते ठरवणाऱ्या सोयीवर). त्यात दोन प्रकार. ॲप रिफ्रेश, त्यालाही साधारण ३० सेकंद. आणि प्रोसेसिंग टास्क, त्याला काही मिनिटं मिळतात, पण ते बहुधा रात्री फोन चार्जिंगला लावून ठेवल्यावर. 'यापूर्वी नको' अशी वेळ देता येते, 'या वेळी कर' असं सांगता येत नाही. माणूस ते ॲप कधी उघडतो याचा अंदाज घेऊन सिस्टिम स्वतः ठरवते. लो पॉवर मोड लावला की रिफ्रेश बंद. आणि आबा म्हणतात तसं वर सारून टाकलं की पुन्हा उघडेपर्यंत कुणी त्याला उठवत नाही.

फोटो किंवा मोठ्या फाइल पाठवायला मात्र एक उत्तम सोय आहे, बॅकग्राउंड यूआरएलसेशन. पेटीत पत्र टाकून घरी जावं तसं ॲपनं फाइल सिस्टिमच्या हवाली करायची. ॲप स्मृतीतून गेलं तरी अपलोड चालू राहतं, संपलं की सिस्टिम ॲपला उठवून सांगते. वापरकर्त्यानं ॲप सारून बंद केलं तर मात्र तेही रद्द. २०२५ च्या आयओएस २६ मध्ये माणसानं बटण दाबून सुरू केलेलं लांब काम ॲप मागे गेल्यावरही चालू ठेवायचा नवा प्रकार आलाय. प्रगती पडद्यावर दिसते, नको असेल तर माणूस ते थांबवू शकतो. सह्यभटक्या यांनी सांगितलेलं तत्त्वच तिकडेही उतरलं याचा मला आनंद झाला.

रातकिडा:

म्हणजे आयफोनवर ॲप शहाणं, अँड्रॉइडवर ॲप हट्टी, आणि दोन्हीकडे डेव्हलपर रात्री जागा. माझं नाव उगाच रातकिडा नाही.

वाफसा:

सिंक कधी होतं यावर बरंच बोलून झालं. सिंक दोनदा झालं तर काय, यावर कुणी बोललं नाही, आणि दुधाच्या धंद्यात ते जास्त महाग पडतं.

नेमकं काय होतं ते बघा. शेतकऱ्याची १२ लिटरची नोंद. वर्कर (वर्कमॅनेजर चालवतो तो कोड) ती सर्व्हरला पाठवतो. सर्व्हर लिहून घेतो, 'मिळालं' असं उत्तर पाठवतो, आणि तेवढ्यात रेंज जाते. फोनला उत्तर मिळालंच नाही, म्हणून त्याच्या लेखी नोंद बाकीच. पुढच्या खेपेला तीच नोंद पुन्हा जाते. सर्व्हरनं आपला क्रमांक देऊन नवी ओळ घातली तर त्या शेतकऱ्याचं दूध झालं २४ लिटर. दहा दिवसांनी बिल निघतं तेव्हा कळतं, आणि मग वसुलीवरून गावात वितुष्ट.

उपाय जुना आणि भक्कम. नोंदीचा क्रमांक फोनवरच, नोंद होते त्याच क्षणी तयार करायचा, यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुठल्या नोंदीला न येणारा क्रमांक. सर्व्हरच्या तक्त्यात तोच युनिक. तीच नोंद शंभरदा आली तरी ओळ एकच, आणि उत्तर दर वेळी 'मिळालं'. एवढं केलंत की बॅकग्राउंड काम केव्हाही तुटू दे, पुन्हा चालू दे, धोका नाही. चालकानं फॅट चुकून ३.५ ऐवजी ५.३ टाकलं आणि मग सुधारलं, तर ती सुधारणा वेगळी नोंद म्हणून मूळ क्रमांकाला जोडून पाठवा. मूळ ओळ पुसू नका. सुधारणा आधी पोचली आणि मूळ मागाहून, तरी सर्व्हरला दोन्ही जुळवता आल्या पाहिजेत.

हा भाग पक्का नसेल तर वर्कमॅनेजर आणि फोरग्राउंड सर्व्हिस यांत निवड करून काही साधणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

टेकडीवरचा:

@वाफसा +१००. याला जोडून वर्कमॅनेजरमधली एक जागा सांगतो, कारण डोंगराकडेच्या केंद्रांना ती नक्की लागणार.

पाठवणं फसलं की वर्कर 'रिट्राय' म्हणतो. मग सुरुवातीला ३० सेकंदांनी, नंतर दुपटीनं वाढत, जास्तीत जास्त ५ तासांपर्यंत अंतर जातं. टॉवरची दांडी दिसते पण डेटा सरकत नाही, अशा ठिकाणी प्रयत्न होत राहतात, फसत राहतात आणि अंतर फुगत जातं. मग चालक रेंजमध्ये आला तरी काम आपल्या पाळीची वाट पाहत बसतं. अशा वेळी नवी नोंद 'कीप' धोरणानं रांगेत टाकली तर जुनंच काम ठेवलं जातं, त्याची प्रतीक्षाही तशीच राहते. क्रमांक फोनवर तयार होत असतील तर मी निर्धास्तपणे 'रिप्लेस' (जुनं काढून नवं ठेवणं) वापरतो. जुनं काम मधेच तुटलं तरी पुन्हा पाठवल्यानं काही बिघडत नाही. शिवाय ॲप उघडलं की दर वेळी एकदा सिंक, आणि वर पाठराखण म्हणून एक पिरियॉडिक काम.

वर्करला नोंदींची यादी देऊ नका. त्याला द्यायच्या माहितीवर १० केबीची मर्यादा आहे. त्यानं उठावं, डेटाबेसमधून बाकी नोंदी घ्याव्यात, ठरावीक गठ्ठ्यानं पाठवाव्यात, आणि काही उरलं नाही हे पाहूनच थांबावं. एका खेपेला साधारण १० मिनिटं मिळतात, म्हणून प्रत्येक गठ्ठ्यानंतर 'पोचलं' अशी खूण त्या त्या नोंदीवर करत जायचं.

फिरस्ती:

फ्लटरवाल्यांनी (अँड्रॉइड-आयफोनसाठी एकच कोड लिहिणाऱ्यांनी) काय करायचं? डीबगमध्ये सगळं चालतं, रिलीजमध्ये बॅकग्राउंडचं फंक्शन उठतच नाही.

सह्यभटक्या:

@फिरस्ती, त्या फंक्शनवर व्हीएम एंट्री पॉइंटचा प्रॅग्मा (कंपायलरला दिलेली सूचना) आहे का बघा. नसेल तर रिलीज बिल्ड करताना 'हे कुणी बोलवत नाही' असं समजून कंपायलर ते काढून टाकतो. आणि ते वेगळ्या आयसोलेटमध्ये (स्वतःची वेगळी स्मृती असलेल्या कप्प्यात) चालतं. मुख्य ॲपमधले चल, लॉगिन झालेला वापरकर्ता, उघडा डेटाबेस यातलं काहीच तिथे नसतं, सगळं नव्यानं उभारावं लागतं.

फिरस्ती:

प्रॅग्माच नव्हता. चाललं! आभारी आहे.

निशिगंधा:

मूळ प्रश्नाकडे परत. @संगमनेरी, फॅट मोजायचं यंत्र आणि वजनकाटा फोनला ब्लूटूथनं जोडलेत का? आकडे हातानं टाकतात की यंत्राकडून येतात? यावर बरंच अवलंबून आहे.

संगमनेरी:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर येईल असं वाटलं नव्हतं. @निशिगंधा, मोठ्या केंद्रांवर यंत्र ब्लूटूथनं जोडलेलं आहे, लहान केंद्रांवर आकडे हातानं. नोंदीचा क्रमांक सध्या सर्व्हर देतो, तो फोनवर आणायचं काम आजच घेतलं.

वाफसा यांच्या सांगण्यावरून फोनची मॉडेलं मागवली, आणि अँड्रॉइड ११ पासून ॲपला आपली आधीची प्रोसेस का बंद झाली ते विचारता येतं, ती नोंदही गोळा केली. तक्रारी येणाऱ्या बहुतेक फोनवर कारण 'वापरकर्त्यानं बंद केलं' असं आलं. म्हणजे आबांनी सांगितलं तेच. आबा, तुमच्या एका प्रश्नानं आमचं बरंच काम वाचलं.

आबा:

चला, दुधासोबत अक्कलही संस्थेत घातली म्हणायची. चालकाला मी आज सांगून आलो.

निशिगंधा:

मग ब्लूटूथ असलेल्या केंद्रांचं उत्तर माझ्या मते दोन्ही तटांच्या मधे आहे. संकलन चालू असताना ॲप एका बाहेरच्या यंत्राशी जोडलेलं असतं. त्यासाठी फोरग्राउंड सर्व्हिसचा वेगळा प्रकार आहे, 'कनेक्टेड डिव्हाइस'. चालकानं 'संकलन सुरू' दाबलं की सर्व्हिस सुरू, 'संकलन बंद' दाबलं की बंद. तेवढा वेळ ॲप हक्कानं जागं राहतं, नोंद झाली की तिथल्या तिथे पाठवता येते, संघाला हवं ते 'रिअल टाइम' जवळजवळ मिळतं. डेटासिंकची ६ तासांची मर्यादाही आड येत नाही. मात्र ही सर्व्हिस खरोखर यंत्राशी बोलत असेल तरच. हातानं आकडे टाकणाऱ्या केंद्रांवर खोटा प्रकार जाहीर करून ती लावू नका.

'संकलन बंद' दाबल्यावर जे उरेल ते वर्कमॅनेजरकडे.

वाफसा:

सहमत. हातानं आकडे टाकणाऱ्यांकडे ॲप तसंही तासभर समोरच असतं, त्यामुळे तिथे साधं सिंकसुद्धा चालतं. आणि एक निरीक्षण : चार्जिंगला लावलेल्या फोनला डोझ लागत नाही. बहुतेक केंद्रांवर टेबलाशी प्लग असतोच. 'संकलन बंद' केल्यावर नोंदी बाकी असतील तर 'नोंदी पोचेपर्यंत फोन चार्जिंगला ठेवा' एवढी एक ओळ दाखवा.

स्टँडबाय बकेटची काळजी तुम्हाला फारशी नाही. अँड्रॉइड ९ पासून ॲप किती वापरलं जातं यावर त्याचा वर्ग ठरतो, क्वचित उघडलं जाणारं ॲप खालच्या वर्गात जातं आणि त्याच्या जॉबवर बंधनं येतात. दिवसातून दोनदा उघडलं जाणारं ॲप वरच्या वर्गात राहतं. पर्यवेक्षकांचं वेगळं ॲप असेल तर तिथे लक्ष द्या.

डब्लिनकर:

@संगमनेरी, हे सगळं टेस्ट कसं करणार आहात? ऑफिसच्या टेबलावर केबल लावलेल्या फोनवर हे प्रश्न दिसतच नाहीत.

टेकडीवरचा:

मी सांगतो. संगणकावरून फोनला कमांड द्यायच्या. आधी डम्पसिस बॅटरी अनप्लग, म्हणजे केबल असूनही फोन चार्जिंगला नाही असं सिस्टिमला वाटतं. स्क्रीन बंद करून डम्पसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल, म्हणजे डोझ ताबडतोब. डम्पसिस जॉबशेड्युलरमध्ये आपलं काम कोणत्या अटीवर अडलंय ते दिसतं. एएम सेट-स्टँडबाय-बकेट वापरून ॲपला खालच्या वर्गात ढकलून बघा. शेवटी डम्पसिस बॅटरी रीसेट विसरू नका, नाहीतर फोन चार्ज होतोय की नाही हेच कळत नाही. हे सगळं झालं तरी तक्रार येणारी दोन-तीन मॉडेलं विकत घ्याच. कंपन्यांची स्वतःची बॅटरीची सेटिंगं कुठल्याही कमांडनं उभी करता येत नाहीत.

वर्कमॅनेजर २.९ पासून काम का थांबवलं गेलं याचं कारणही मिळतं, अँड्रॉइड १२ आणि पुढच्या फोनवर. ते सर्व्हरला पाठवत जा.

डब्लिनकर:

आयफोनसाठी : बीजीटास्कशेड्युलर सिम्युलेटरवर (संगणकावरच्या नकली फोनवर) चालत नाही, खरा फोन लागतो. ॲपलच्या एक्सकोड या साधनाच्या डीबगरमधून काम जबरदस्तीनं सुरू करता येतं, आणि वेळ संपल्याचं नाटकही करता येतं. दुसरं लोक करत नाहीत आणि वापरात तेच आधी घडतं.

संगमनेरी:

टीमशी बोललो. ब्लूटूथ केंद्रांवर संकलनापुरती सर्व्हिस, बाकी सगळीकडे वर्कमॅनेजर, 'बाकी नोंदी'चा आकडा पहिल्या पडद्यावर. दोन्ही तट खूश आहेत. एक प्रश्न उरला. दुपारपर्यंत एखाद्या केंद्राच्या नोंदी आल्याच नाहीत तर सर्व्हरनं एफसीएमनं ॲपला उठवावं का?

वाफसा:

उठवा, पण अग्रक्रमाचा निरोप चालकाला दिसेल असंच नोटिफिकेशन दाखवण्यासाठी वापरा : 'सकाळच्या नोंदी पोचल्या नाहीत, ॲप उघडा.' गुपचूप कामासाठी अग्रक्रम वापरत राहिलात तर एफसीएम ते निरोप खालच्या अग्रक्रमावर टाकायला लागतं. आणि फोर्स स्टॉप केलेल्या ॲपला निरोप पोचतच नाही. तेव्हा तासभर उत्तर आलं नाही तर सरळ एसएमएस.

संगमनेरी:

एसएमएसची सोय संघाकडे आहेच. पुढच्या आवृत्तीत घालतो.

फिरस्ती:

वर्करचा कोड इथे टाकाल का? आमचंही असंच काम आहे, भाजीपाल्याच्या आवकेच्या नोंदींचं.

संगमनेरी:

@फिरस्ती, संघाला विचारून तेवढा भाग वेगळा काढतो आणि याच धाग्यावर दुवा देतो. सर्व्हरच्या बाजूचा तक्ताही सोबत देईन, त्याशिवाय वर्करचा उपयोग नाही.